पहिल्या दोन वर्षांची वाढ आणि तरुणपणीची उदासी

पालकसभा संपल्यावर एक अम्मी मागे थांबल्या. मुलगा दहावीत. अभ्यासात वाईट नाही, पण वर्षभरात बोलणं कमी झालं, जेवण कमी झालं, क्रिकेट सुटलं. घरात कोणी नजर लागली म्हणतं, कोणी मोबाईलला दोष देतं. बोलता बोलता त्या म्हणाल्या, "सर, हा जन्मला तेव्हा दोन किलोचाही नव्हता. दीड वर्षाचा झाला तरी चालत नव्हता. त्याचा याच्याशी काही संबंध असेल का?"

आम्ही शिक्षक माणसं, डॉक्टर नाही. "तेव्हाचं आता काय घेऊन बसता" असं म्हणून वेळ मारून नेली. नंतर याबद्दल वाचायला घेतलं तेव्हा लक्षात आलं, त्या माऊलीचा प्रश्न अगदी रास्त होता. चुकलं होतं ते आमचं उत्तर.

ब्रिटनमध्ये मार्च १९४६ च्या एका आठवड्यात जन्मलेल्या हजारो मुलांची नोंद ठेवली गेली आणि ती माणसं म्हातारी होईपर्यंत त्यांचा मागोवा घेतला गेला. ज्यांना तरुणपणापासून पुढे वारंवार उदासी आणि चिंतेने घेरलं, ती माणसं सरासरीने थोड्या कमी वजनाची जन्मली होती. उभं राहायला आणि चालायलाही ती थोडी उशिरा शिकली होती. 'सरासरीने' आणि 'थोडी' हे दोन शब्द महत्त्वाचे आहेत. कमी वजनाचं प्रत्येक बाळ पुढे उदास होतं असं नाही. बहुतेक होत नाहीत. धोका काहीसा वाढतो, इतकंच.

आपल्याकडचं उदाहरण पुण्याचं. केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या चमूने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गर्भवती स्त्रियांची आणि पुढे त्यांच्या मुलांची तपासणी सुरू केली. त्या आयांचं गरोदरपणाआधीचं वजन सरासरी ४२ किलोच्या आसपास होतं आणि बाळांचं साधारण २.६५ किलो. ज्या आयांच्या रक्तात गरोदरपणी बी-१२ जीवनसत्त्व फार कमी होतं, त्यांची मुलं नऊ वर्षांची झाल्यावर लक्ष एकाग्र करण्याच्या आणि आकडे लक्षात ठेवण्याच्या चाचण्यांत मागे पडली. हा पुरावा उदासीचा नाही, बुद्धीच्या कामाचा आहे. पण पोटातल्या नऊ महिन्यांचा हिशेब नऊ वर्षांनी वर्गात दिसतो, हे त्यातून कळतं. आम्ही मात्र अशा मुलाच्या प्रगतिपुस्तकात 'लक्ष देत नाही' असं लिहून मोकळे होतो.

असं का होतं? दोन वर्षांपर्यंत मेंदूचा आकार मोठ्या माणसाच्या मेंदूच्या सुमारे ८० टक्के होतो. या काळात लोह, आयोडीन, प्रथिनं कमी पडली, वारंवार जुलाब-न्यूमोनिया झाला, तर शरीर आधी जीव वाचवतं. उंची आणि मेंदूची बारीक जोडणी मागे राहते. दुसरं कारण सहसा ध्यानात येत नाही. अशक्त लेकरू रडतं किंवा गप्प पडून राहतं. ते रांगत नाही, भांडी पाडत नाही, कोणाच्या मागे लागत नाही. त्यामुळे घरातलेही त्याच्याशी कमी बोलतात. लहानखुरं दिसतं म्हणून त्याला वयापेक्षा लहान समजून कडेवरच ठेवतात. म्हणजे उपाशी फक्त पोट राहत नाही.

या दुसऱ्या कारणाचा सगळ्यात भक्कम पुरावा जमैका देशातून आला. १९८६-८७ मध्ये किंग्स्टन शहराच्या गरीब वस्त्यांतली ९ ते २४ महिन्यांची, वाढ खुंटलेली १२९ मुलं निवडली. काहींना दर आठवड्याला दुधाची भुकटी दिली. काहींच्या घरी दर आठवड्याला तासभर आरोग्य कार्यकर्ती जायची आणि घरी बनवलेल्या खेळण्यांनी बाळाशी कसं खेळायचं, कसं बोलायचं, हे आईला दाखवायची. काहींना दोन्ही मिळालं, काहींना काहीच नाही. हे दोन वर्षं चाललं. ही मुलं १७-१८ वर्षांची झाल्यावर त्यांतल्या १०३ जणांना पुन्हा गाठलं. वाढ खुंटलेल्या मुलांत इतरांपेक्षा चिंता आणि उदासी जास्त होती, स्वतःबद्दलचा विश्वास कमी होता. पण ज्यांच्या घरी खेळ पोचला होता, त्यांच्यात हा त्रास कमी आढळला. नुसत्या दुधाने मनावर तसा फरक दिसला नाही. बाविसाव्या वर्षीही खेळाच्या गटात उदासी आणि मारामारी कमी होती.

याचा अर्थ खाणं गौण आहे असा कोणी काढू नये. अंगणवाडीचा आहार घ्यायचाच, लोहाच्या गोळ्या घ्यायच्याच. फक्त तेवढ्यावर थांबायचं नाही.

आपल्या वर्धा जिल्ह्याला हा विचार नवा नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि तिने नेमलेल्या समितीचे अध्यक्ष होते डॉ. झाकीर हुसेन, पुढे देशाचे राष्ट्रपती झालेले. ती योजना ७ ते १४ वयाची होती. नंतर गांधीजींनी नई तालीम गर्भापासून सुरू होते असं मांडलं आणि सेवाग्रामला पूर्व-बुनियादी शिक्षणाचं काम उभं राहिलं. त्याच सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेने युनिसेफ आणि शासनाच्या सोबतीने 'आरंभ' हा कार्यक्रम आखला. त्यात अंगणवाडी सेविका आईबापांना बाळाशी खेळायला-बोलायला शिकवतात, त्यासाठी पालक मेळावे भरतात. असा मेळावा आपल्या मोहल्ल्यात लागला तर अब्बांनीही जावं. आम्ही बाप लोक अशा ठिकाणी दारातूनच परततो, हे स्वतःवरूनच सांगतो.

आता एक नाजूक गोष्ट, पण टाळली तर लेख अर्धवट राहील. गरोदरपणातले रोजे. डग्लस आल्मंड आणि भास्कर मजुमदार या अर्थतज्ज्ञांनी २०११ साली युगांडा आणि इराकच्या जनगणनेवरून असं दाखवलं की गर्भाच्या सुरुवातीच्या काळात रमजान आलेल्यांमध्ये मोठेपणी अपंगत्व, विशेषतः शिकण्याशी आणि मनाशी निगडित अपंगत्व, काहीसं जास्त होतं. त्यात कोणत्या आईने खरोखर रोजे ठेवले हे नोंदलेलं नव्हतं, आणि जन्मवजनावर फरक न दिसलेले अभ्यासही आहेत. म्हणून घाबरायचं कारण नाही. पण गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईला बाळाची काळजी वाटत असेल तर शरियतने रुखसत दिलेलीच आहे. ज्या घरात सासू म्हणते, "आम्ही तर नऊ महिने रोजे ठेवून कापूस वेचला," तिथे सुनेला ही सवलत कोणीतरी मोठ्याने सांगावी लागते. इमाम साहेबांनी शाबानमध्ये जुम्याच्या बयानात हा मुद्दा घेतला तर किती बरं होईल! रोजा ठेवायचा की नाही, हे डॉक्टर आणि आलिम दोघांना विचारून ठरवावं.

एवढं वाचून कोणी आईकडे बोट दाखवू नये. बाळ दोन किलोचं जन्मतं त्यामागे मुलीचं लवकर लागलेलं लग्न असतं, पाळीच्या वयापासूनचा अॅनिमिया असतं, सातव्या महिन्यातही चालू असलेली मजुरी असते, सगळ्यांनंतर जेवायची रीत असते. महाराष्ट्रात पाच वर्षांखालची ३५ टक्के मुलं वयाच्या मानाने बुटकी आहेत, असं २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आलं. एवढ्या सगळ्या आया निष्काळजी असतील का?

त्या अम्मींना आम्ही पुन्हा बोलावलं. संबंध असू शकतो, पण खात्रीने कोणी सांगू शकणार नाही, आणि सोळाव्या वर्षी दार बंद झालेलं नसतं, असं सांगितलं. दोन आठवड्यांहून जास्त उदासी टिकली, झोप-भूक बिघडली, तर डॉक्टर गाठायचा. टेली-मानसच्या १४४१६ या नंबरवर फुकट बोलता येतं, मराठीतही. मुलगा आधी तयार नव्हता. मग एका शनिवारी शाळा सुटल्यावर आमच्याच फोनवरून वीस मिनिटं बोलला. आम्ही बाहेर व्हरांड्यात उभे होतो. त्याच्या अम्मी धाकटीला घेऊन बाकावर बसल्या होत्या. धाकटी नऊ महिन्यांची, हातात प्लास्टिकची बाटली, आत तुरीचे दाणे, झाकण पक्कं चिकटवलेलं. खुळखुळा खाली पडला की ती अम्मीकडे बघायची, आणि अम्मी तिला विचारायच्या, "कुठं गेला गं?"