विश्लेषण : विंडोज १० ची साथ सुटली, जुन्या संगणकाला लिनक्स तारेल?

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित पाठिंबा थांबवला. त्या दिवशी कोणाचाही संगणक बंद पडला नाही, म्हणून अनेकांच्या हे लक्षातही आले नाही. घरचा किंवा दुकानातला सात-आठ वर्षांचा संगणक भंगारात काढायचा की त्यावर दुसरी प्रणाली टाकायची, हा प्रश्न मात्र आता टाळता येणारा नाही.

संगणक चालतोय, मग अडचण काय?

प्रणालीत नव्याने सापडणाऱ्या सुरक्षा त्रुटी यापुढे बुजवल्या जाणार नाहीत. त्याच संगणकावरून बँकेचे व्यवहार आणि जीएसटी विवरणपत्रे भरली जात असतील, तर धोका वाढतच जातो. घरगुती वापरकर्त्यांना नोंदणी करून १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अद्यतने मिळतात. मायक्रोसॉफ्टच्या खात्यातून सेटिंग्जचा बॅकअप सुरू ठेवल्यास त्याचे पैसे पडत नाहीत. अर्थात ही फक्त मुदतवाढ आहे.

थेट विंडोज ११ का नको?

हवे असूनही अनेकांना ते मिळत नाही. त्यासाठी टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते. इंटेलचा प्रोसेसर असेल, तर तो साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा हवा. ही पिढी २०१७ मध्ये आली. त्याआधीचे बहुतेक संगणक धडधाकट असूनही बाद ठरतात. आडवाटेने विंडोज ११ बसवणारे आहेत, पण अशा संगणकाला पुढे अद्यतने मिळतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही.

लिनक्स वापरणे अवघड आहे का?

ब्राउझर, ई-मेल, व्हिडीओ, साधी पत्रे आणि तक्ते एवढेच काम असेल, तर नाही. ‘लिनक्स मिंट’चा पडदा विंडोजच्या सवयीला फारसा धक्का देत नाही. ही प्रणाली विनामूल्य आहे. तिला किमान २ जीबी रॅम पुरते, ४ जीबी असल्यास काम सुसह्य होते.

मग घोडे अडते कुठे?

आपल्याकडे ते फायलींपाशी अडते. मराठी डीटीपी करणाऱ्यांकडे वर्षानुवर्षांच्या लग्नपत्रिका, अहवाल, दिवाळी अंक जुन्या फाँटमध्ये साठलेले असतात. हे फाँट युनिकोडचे नाहीत. त्यांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असतात. फाँट नसला की पानभर अगम्य चिन्हे दिसतात. फाँटची फाइल लिनक्सवर टाकली, तर मजकूर एक वेळ दिसेलही. पण तो टंकित करणारे मूळ सॉफ्टवेअर आणि पेजमेकर लिनक्ससाठी बनलेले नाहीत. टॅलीचेही तसेच. ‘वाइन’ या सोयीने काही विंडोज सॉफ्टवेअर लिनक्सवर चालतात, मात्र ज्यावर पोट आहे ते काम तिच्या भरवशावर सोडणे शहाणपणाचे नाही. युनिकोडमध्ये लिहिणाऱ्यांना ही चिंता नाही. मराठी इनस्क्रिप्ट कळफलक लिनक्समध्ये आधीपासूनच असतो.

इतरांचा अनुभव काय?

जर्मनीतील म्युनिक महापालिकेने २००३ मध्ये लिनक्सकडे वळायचे ठरवले आणि सुमारे १५ हजार संगणक बदलले. २०१७ मध्ये तिथल्याच सभागृहाने विंडोजकडे परतण्याचा निर्णय घेतला. त्यामागे राजकारण होते, तसेच बाहेरच्या कार्यालयांशी दस्तऐवजांची देवाणघेवाण करताना होणाऱ्या कटकटीही होत्या. केरळच्या सरकारी शाळांमध्ये मात्र लिनक्स रुजले. राज्याने स्वतःची आवृत्ती तयार केली, पाठ्यपुस्तकेही मुक्त सॉफ्टवेअरवर बेतली. शिवाय मुलांच्या डोक्यावर जुन्या फायलींचे ओझे नव्हते, हे कारण सहसा कोणी सांगत नाही.

विंडोज न पुसता आधी चाचणी घेता येते?

येते. सुमारे ३ जीबीची फाइल उतरवून ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर ‘लाइव्ह’ प्रणाली तयार करावी आणि संगणक त्यावरून सुरू करावा. हार्ड डिस्कला हात लागत नाही. मग वाय-फाय, आवाज, जुना प्रिंटर आणि डिजिटल स्वाक्षरीचे टोकन एकेक करून तपासावे. प्रिंटर इथेच रुसतो. सगळे जमले तरी डिस्कवर प्रणाली बसवण्याआधी डेटाची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी. बिटलॉकर सुरू असेल, तर त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवावी. संगणक ती नेमकी तेव्हाच मागतो, जेव्हा ती शोधायला दुसरा संगणक हाताशी नसतो.