फोडणीच्या भातातला कुंभकर्ण

रात्रीचा उरलेला भात ओट्यावर झाकून ठेवायचा आणि सकाळी फोडणीला टाकून डब्यात द्यायचा, ही आपल्या घरांतली जुनी रीत. बडोद्याच्या मे महिन्यात मात्र जरा जपून!

मातीत राहणारा 'बॅसिलस सिरियस' हा जिवाणू तांदळाबरोबर घरात येतो. अन्न संपले की अशा जिवाणूची पेशी आत पडदा घालून दोन असमान भाग करते. मोठा भाग लहानाला पोटात घेतो, त्याच्याभोवती जाड कवचे चढवतो, त्यातले पाणी कमी करतो आणि शेवटी स्वतः फुटून मरतो! उरतो तो बीजाणू. ना खाणे, ना वाढणे. (प्रयोगशाळेत बीजाणू मारण्यासाठी वाफेच्या दाबाखाली १२१ अंश सेल्सिअसची उष्णता साधारण १५ मिनिटे द्यावी लागते.) साध्या उकळीने तो मरत नाही, उलट त्याची झोप चाळवते. भात कोमट झाला की तो जागा होऊन भराभर वाढतो, आणि त्याच्या काही जाती उलट्या करवणारे विष तयार करतात. ते विष फोडणीच्या आचेनेही जात नाही.

पालकांनी उरलेला भात ताटात पसरून निववावा आणि तासाभरात फ्रिजमध्ये ठेवावा. थंडीने बीजाणू मरत नाहीत, पण त्यांना जाग येत नाही.