एका पेशीतली प्रथिनं मोजताना

आपल्या शरीरातल्या एका पेशीत प्रथिनांचे अब्जावधी रेणू असतात, आणि त्या सगळ्यांचं मिळून वजन भरतं जेमतेम शंभर-दोनशे पिकोग्रॅम. एक ग्रॅम प्रथिन जमवायचं तर अशा पाचशे ते हजार कोटी पेशी लागतील! एवढ्याशा ऐवजात कोणतं प्रथिन किती आहे, हे आज पेशीगणिक मोजता येतं.

डीएनएचा एखादा रेणू हाती लागला, तरी पीसीआरने त्याच्या कोट्यवधी प्रती काढता येतात. प्रथिनाची अशी प्रत निघत नाही. पेशीत असेल तेवढंच, आणि त्यातलंही काही नळीच्या आतल्या बाजूला चिकटून वाया जातं. ज्यावरून प्रथिन घडतं तो आरएनए मोजून अंदाज बांधावा, तर तोही धड लागत नाही. तयार झालेलं प्रथिन किती काळ टिकतं, हे आरएनएला कुठे ठाऊक! आणि बहुतेक औषधं चिकटतात ती प्रथिनांनाच.

बॉस्टनच्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठात निकोलाय स्लावोव्ह यांच्या गटाने २०१८ साली मांडलेली युक्ती मला फार सुंदर वाटते. पेशीतल्या प्रथिनांचे तुकडे करायचे आणि प्रत्येक पेशीच्या तुकड्यांना वेगळी रासायनिक खूण लावायची. सगळ्या खुणांचं एकूण वजन मात्र सारखंच. मग त्यात, आणखी एक निराळी खूण लावून, दोनशे पेशींचा माल मिसळायचा. नळीला चिकटून जायचं ते बहुतेक या दोनशेंच्या वाट्याचं जातं. वजन सारखं असल्यामुळे एका जातीचे सगळे तुकडे मास स्पेक्ट्रोमीटर या रेणूंची वजनं मोजणाऱ्या यंत्रात एकाच जागी, ठळक दिसतात. यंत्र ते फोडतं. ठिकऱ्यांवरून प्रथिन ओळखू येतं. खुणा फुटल्यावर वेगवेगळ्या वजनाच्या निघतात आणि कुठल्या पेशीतून किती आलं ते सांगतात. गर्दीत मिसळली म्हणून एकटी पेशी दिसू लागली! उंदराच्या भ्रूणातल्या मूळपेशी रूप बदलत असताना त्यांच्यातली हजारावर प्रथिनं या गटाने अशी मोजली.

मोजकीच प्रथिनं पाहायची असतील, तर रुग्णालयांत फ्लो सायटोमेट्री कधीचीच रुळली आहे. ठरावीक प्रथिनालाच धरणारी, चमकणारी अँटिबॉडी चिकटवलेल्या पेशी एकामागून एक लेसरसमोरून जातात. एचआयव्हीबाधितांची सीडी४ मोजणी याच तंत्राने होते. रक्ताच्या कर्करोगात उपचारांनंतर सूक्ष्मदर्शकाखाली अस्थिमज्जा स्वच्छ दिसते, तेव्हाही दहा हजारांत उरलेली एखादी रोगट पेशी तिच्या पृष्ठभागावरच्या प्रथिनांच्या विचित्र मेळावरून पकडता येते. त्यावरून पुढचे उपचार किती तीव्र ठेवायचे, ते डॉक्टर ठरवतात.