संघ कोणाचा?

गायनवर्ग चालविणाऱ्या माणसाने फुटबॉलवर लेखणी चालवावी, हे पाहून काही वाचक हसतील. पण ज्या भांडणाविषयी मी लिहिणार आहे, ते केवळ खेळाचे नव्हे. आश्रयदाता, कलावंत आणि रसिक या तिघांचे ते भांडण आहे, आणि त्याची ओळख आपल्या बडोद्याला जुनी आहे. शिवाय त्याचा एक धागा थेट पुण्याला जाऊन पोहोचतो.

इंग्लंडच्या लँकेशायर परगण्यात ब्लॅकबर्न हे एके काळचे कापडगिरण्यांचे गाव. त्याच्या शेजारच्या डार्वेनला १९३१ साली गांधीजी गिरणी कामगारांची गाठ घ्यावयास गेले होते. पुढे भरूच-सुरतेकडची पुष्कळ कुटुंबे ब्लॅकबर्नला जाऊन वसली. तेव्हा आपल्या बाजूला हे नाव अगदीच परके नाही. येथला ब्लॅकबर्न रोव्हर्स हा संघ १८७५ सालचा. १८८८ मध्ये इंग्लंडची फुटबॉल लीग सुरू झाली, तेव्हाच्या बारा संस्थापक संघांपैकी तो एक. एफ. ए. कप त्याने सहा वेळा जिंकला. सदरा निम्मा निळा, निम्मा पांढरा. आणि लॅटिन बोधवाक्याचा अर्थ 'कलेने आणि कष्टाने'. कोणत्याही गायनशाळेच्या दारावर शोभेल असे!

१९९१ साली गावचाच पोलादाचा व्यापारी जॅक वॉकर याने संघ हाती घेतला आणि सढळ हाताने पैसा ओतला. १९९५ मध्ये, तब्बल ८१ वर्षांनी, संघ पुन्हा इंग्लंडचा अजिंक्यवीर ठरला. वॉकर २००० साली वारला. पुढे नोव्हेंबर २०१० मध्ये त्याच्या विश्वस्तांनी संघ विकला, तो पुण्याच्या व्यंकटेश्वरा हॅचरीज या कुक्कुटपालनातील बड्या समूहाला. किंमत सुमारे दोन कोटी तीस लाख पौंड.

पहिल्या महिन्यातच ठिणगी पडली. संघ तेराव्या स्थानावर असताना सॅम अॅलरडाइस या अनुभवी व्यवस्थापकाला काढून टाकण्यात आले आणि त्याच्या हाताखालच्या स्टीव्ह कीन याला गादीवर बसविले. ऑक्टोबर २०११ मध्ये संघ पुण्याला येऊन बालेवाडीच्या मैदानावर पुणे एफ. सी.शी प्रदर्शनी सामना खेळला आणि जिंकलाही. पण घरच्या लीगमध्ये मात्र तो बुडत चालला होता. ७ मे २०१२ रोजी विगनशी हरून तो वरच्या वर्गातून खाली घसरला. त्या सामन्यात कोणी तरी संघाच्या रंगांचे वस्त्र पांघरलेली एक जिवंत कोंबडी मैदानात सोडली. मालकांच्या धंद्यावरचा तो टोमणा साऱ्या जगाने पाहिला. पुढल्या हंगामात कीन गेला. त्यानंतर हेनिंग बर्ग ५७ दिवस टिकला आणि मायकेल अॅपलटन ६७ दिवस. २०१७ मध्ये संघ तिसऱ्या वर्गात पोहोचला. प्रीमियर लीग जिंकलेल्या संघावर अशी पाळी पूर्वी कधीही आली नव्हती. २०१८ मध्ये तो एक पायरी वर चढला, एवढेच समाधान.

प्रेक्षकांनी घोषणा दिल्या, फलक धरले. पण मला सर्वांत मार्मिक वाटला तो २०१६ चा निषेध. संघाचे स्थापनावर्ष १८७५. म्हणून लोक सामन्याच्या अठराव्या मिनिटाला आत शिरले आणि पंचाहत्तराव्या मिनिटाला उठून गेले. ज्याने मैफल केली आहे, त्याला याचा अर्थ सांगावयास नको. गवई एक वेळ शिवी सोशील. रिकामी सतरंजी त्याला सोसत नाही.

आता दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. या मालकांनी वर्षानुवर्षे संघाचा तोटा आपल्या खिशातून भरला. २०२३ पासून तर पैसा बाहेर पाठविण्यासाठी त्यांना दिल्लीच्या उच्च न्यायालयाची परवानगी मागावी लागली. लँकेशायरमधलाच बरी हा १८८५ सालचा संघ पैशावाचून २०१९ मध्ये लीगमधून बाहेर फेकला गेला, हे विसरून चालणार नाही. म्हणजे मुख्य तक्रार कंजूषपणाची नव्हे. पैसा पुण्याहून येतो, निर्णय पुण्याहून येतात, पण मालक मैदानाकडे क्वचितच फिरकतात आणि कोणाशी बोलत नाहीत, असे लोकांचे म्हणणे आहे.

माझे वडील ऐन तारुण्यात येथल्या कलावंत कारखान्यात नोकरीला लागले आणि १९४९ मध्ये संस्थान विलीन झाले तेव्हा ती नोकरी संपली. मी त्यांच्या उतारवयातला मुलगा. ते म्हणत, "दरबाराचा पगार पोट भरी; पण महाराज स्वतः ऐकायला बसत, म्हणून गाणे टिके." मात्र पुढचेही ते सांगत: दरबार गेल्यावर वाहवा करणारे पुष्कळ उरले, पण महिनाअखेर शिकवण्यांनीच घर चालले. तेव्हा रसिक असले की सारे निभते, या भाबड्या समजुतीला मी भुलत नाही. पैसा देणारा हवाच. पण ज्याला ऐकायची सवड नाही, त्याने गवयाला कोणता राग गा हे सांगू नये.

हे भांडण एकट्या ब्लॅकबर्नचे नाही. कार्डिफच्या मालकाने २०१२ मध्ये संघाचा निळा रंग बदलून तांबडा केला आणि २०१५ मध्ये लोकांच्या रेट्यापुढे तो पुन्हा निळा करावा लागला. अशा प्रसंगांतूनच इंग्लंडमध्ये २०२५ साली नवा कायदा झाला. आता प्रेक्षकांच्या संमतीवाचून संघाचे बोधचिन्ह वा रंग बदलता येत नाहीत आणि नियामकाच्या मंजुरीवाचून मैदान विकता येत नाही.

कायद्याने रंग वाचेल, मैदानही वाचेल. परंतु मालकाने प्रेक्षकांमध्ये येऊन बसावे, त्यांचे ऐकावे, हे कोणता कायदा घडवून आणणार? आपल्याही गावात वाचनालये आहेत, संगीत मंडळे आहेत, आजोबा-पणजोबांनी उभारलेल्या संस्था आहेत. त्यांच्या खुर्च्यांवर बसणाऱ्यांनी आणि समोर सतरंजीवर बसणाऱ्यांनीही ब्लॅकबर्नची ही हकिगत एकदा मनाशी घोळवून पाहावी.