बार्शी लाइट, सहा बाय चार फुटांत

सोलापूरहून तुळजापूरला निघालं की तामलवाडीचा टोलनाका लागतो. देवीला जाणाऱ्यांच्या लेखी हे रस्त्यावरचं गाव. सोलापूर-तुळजापूर-धाराशिव या सुमारे ८४ किलोमीटरच्या मंजूर लोहमार्गाने आता त्याचं नाव रेल्वेच्या नकाशाशीही जोडलं आहे. घरी रेल्वेचं लेआउट मांडायची हौस असलेल्या इथल्या माणसाला साहजिकच हीच ब्रॉडगेज गाडी करावीशी वाटेल. माझा सल्ला वेगळा आहे. त्याने आधी बार्शी लाइट या जुन्या नॅरोगेज लाइनवरच्या येडशीकडे पाहावं.

कारण हिशेबाचं आहे. सर्वांत प्रचलित मॉडेलचं प्रमाण १:८७, म्हणजे एचओ. त्याचे तयार रूळ १६.५ मिलिमीटर अंतराचे असतात, कारण ते युरोप-अमेरिकेच्या १,४३५ मिमी गेजवरून काढलेले आहेत. आपला ब्रॉडगेज १,६७६ मिमी. त्याला ८७ ने भागलं तर १९.३ येतात. म्हणजे तयार रुळांवर आपलं इंजिन उभं केलं की खालचे रूळ जवळजवळ तीन मिलिमीटरने अरुंद. बहुतेक हौशी मंडळी इकडे डोळेझाक करतात. शिवाय साडेतेवीस मीटरचा आजचा डबा या प्रमाणात २७ सेंटिमीटरचा होतो. असे चोवीस डबे लावले, तर गाडी साडेसहा मीटरची. एवढी खोली कोणाकडे आहे?

बार्शी लाइट रेल्वेचं गेज ७६२ मिमी, म्हणजे अडीच फूट. भागिले ८७, उत्तर ८.७६. बाजारात एन गेज या आणखी छोट्या मॉडेलचे ९ मिमीचे रूळ मिळतातच! चूक पाव मिलिमीटरहूनही कमी. डबे आखूड, वळणं तीव्र, आणि स्टेशनं अशी की एक प्लॅटफॉर्म नि एक साइडिंग पुरे.

शिवाय हा काही दुय्यम नमुना नव्हे. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंग्रज इंजिनिअरने १८९७ मध्ये बार्शी रोड (आजचं कुर्डुवाडी) ते बार्शी हा पहिला टप्पा सुरू केला. त्याचं सूत्र साधं होतं : इंजिन असो की वाघीण, एका आसावर पाच टनांहून जास्त भार नाही. त्यामुळे हलक्या रुळांवरही वाघिणी भरभरून धावत. पुढे लाइन एकीकडे पंढरपूरमार्गे मिरजेपर्यंत, दुसरीकडे येडशीवरून लातूरपर्यंत गेली. याच अनुभवाच्या जोरावर कॅल्थ्रॉपने इंग्लंडमध्ये लीक अँड मॅनिफोल्ड लाइन बांधली. १९५४ मध्ये बार्शी लाइट सरकारने घेतली आणि पुढे टप्प्याटप्प्याने तिचं ब्रॉडगेज झालं. धाराशिव शहराला स्टेशन मिळालं ते या रूपांतरात. जुनी गाडी शहराला वळसा घालून जायची.

आता आखणी. कुर्डुवाडी ते बार्शी हे ३४ किलोमीटर १:८७ ने मोजले तरी सुमारे ३९० मीटर भरतात. तेव्हा सगळी लाइन करायची हे मनातून काढून टाकावं आणि एकच जागा निवडावी. येडशी मला पसंत आहे : बालाघाटचा उतार, रामलिंगचं रान, स्टेशन. सहा बाय चार फुटांच्या प्लायवर लंबगोल मार्ग, पुढे स्टेशन, मागे डोंगर आणि डोंगराआड गाड्या उभ्या करायला दोन लपवलेले रूळ. चढ शंभराला दोनपेक्षा जास्त नको, कारण मॉडेलची इंजिनं चढावर घसरतात. रुळांखाली कॉर्कशीट, वर चाळलेली काळी बारीक खडी, त्यावर पाण्यात अर्धंअर्धं कालवलेलं फेव्हिकॉल.

पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे, १९९८ मध्ये सुरू झालेलं. तिथल्या पटावर सर्कस आहे, रोपवे आहे. नवख्याने ते जरूर पाहावं, पण त्याच्याशी स्पर्धा करू नये.

आणि डोंगराची मागची बाजू उघडी ठेवावी. बोगद्यात घसरलेलं इंजिन काढायला हात जायला हवा. प्लास्टरने चहूबाजूंनी बंद केलेला डोंगर लवकरच हातोडीने फोडावा लागतो.