ग्रुपमध्ये एन्ट्री, आणि गॅस खलास!

माझ्या ऑफिसच्या पीसीवर सध्या पाच दीर्घिका विराजमान आहेत. जेम्स वेब दुर्बिणीचा जुलै २०२२ मधला 'स्टीफन्स क्विंटेट'चा फोटो. "कसला भारी वॉलपेपर!" असं येणारा-जाणारा म्हणतो. अरे बाबांनो, ही मारामारी चाललीय!

एदुआर स्टीफननं हे पंचक १८७७ मध्ये शोधलं. त्यातली एक भलतीच निघाली. ती आपल्यापासून ४ कोटी प्रकाशवर्षांवर, बाकीच्या चौघी २९ कोटींवर. फोटोत शेजारी दिसतात, एवढंच! खरा राडा एनजीसी ७३१८बी या दीर्घिकेचा. ही बया तासाला सुमारे ३२ लाख किलोमीटर वेगानं ग्रुपमध्ये घुसलीय. तारे एकमेकांवर आदळत नाहीत, मधे जागाच इतकी असते. आदळतो तो गॅस. आधीच्या ओढाताणीत ग्रुपभर सांडलेल्या गॅसवर हिचा गॅस धडकला आणि आपल्या आकाशगंगेहून मोठी शॉकवेव्ह उठली.

पण असा फिल्मी मामला दरवेळी नसतो. बहुतेकींचं शांततेत आटोपतं, आणि मला तेच जास्त टोचतं. एकट्या दीर्घिकेभोवती विरळ वायूचं आवरण असतं. त्यातून आत झिरपणाऱ्या हायड्रोजनपासून नवे तारे बनतात. ग्रुपमध्ये शिरलं की आधी हे आवरण जातं. म्हणजे घरातला सिलिंडर चालू, पण पुढचा नंबर लागणंच बंद! उरलेल्या साठ्यावर दीर्घिका अब्जावधी वर्षं झकास चमकते, बाहेरून पत्ताही लागत नाही. मग अल्पायुषी निळे तारे विझतात आणि लालसर म्हातारे तेवढे उरतात. शेकडो दीर्घिकांच्या महानगरी क्लस्टरमध्ये पोचेपर्यंत कितीतरी जणी अशा छोट्या ग्रुपमध्येच रिकाम्या झालेल्या असतात.

आपणही काही साधे नाही हं. आकाशगंगेच्या अगदी जवळच्या बहुतेक बुटक्या दीर्घिकांत वायू उरलेलाच नाही. मॅगेलनचे दोन मेघ बहुधा पहिल्यांदाच इतक्या जवळ आलेत. आपसातली खेचाखेची, त्यात आपली ओढ. मागे हायड्रोजनची लांबलचक शेपूट सुटलीय. मुंबई-पुण्यातून ते दिसत नाहीत. ऑस्ट्रेलियात ऑनसाइट गेलात तर शहराबाहेर पडा, नुसत्या डोळ्यांनी दोन पुसट ढग दिसतील. त्यातल्या मोठ्यात टॅरंटुला तेजोमेघ आहे, तिथे अजून धडाक्यात तारे बनताहेत.