आधी अंथरूण उन्हात

पहाटे साडेपाच. जाग येते ती शिंकांनीच. लागोपाठ शिंका, मग नाक गच्च आणि टाळूला आतून खाज. भाद्रपद सरत आलाय. बुलढाण्यावर अजून ढग आहेत, राजूर घाटात सकाळचं धुकं आहे, आणि डस्ट माइट नावाच्या किड्याला याहून चांगले दिवस नाहीत. घाटावरच्या गारव्याचं सगळ्यांना कौतुक, पण पावसाळ्यातला हा गारवा ओला असतो. मे महिन्यात घाटाखाली नांदुऱ्याला माहेरी जाते तेव्हा ऊन अंग भाजून काढतं, पण नाक मोकळं असतं. हा किडा पाणी पीत नाही, हवेतली ओल अंगातून शोषून घेतो. हवेतली आर्द्रता बरेच दिवस ५० टक्क्यांखाली राहिली की तो वाळून मरतो.

पावणेसहा. उठल्याबरोबर अंथरुणाची घडी घालायची नाही, झटकायचं तर मुळीच नाही. पांघरूण पायथ्याशी सारायचं आणि रात्रभराचा घाम सुकेपर्यंत गादी उघडी ठेवायची. किडा मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्शाएवढा, डोळ्यांना दिसत नाही, चावतही नाही. आपल्या अंगावरून झडलेल्या कातडीवर तो गादी-उशीत जगतो. त्रास होतो तो मुख्यतः त्याच्या विष्ठेतल्या प्रथिनांचा. ते कण जरा जड असतात. कुणी हलवलं नाही तर हवेतून अर्ध्या तासात खाली बसतात. उशी थोपटली, चादर फडकावली की पुन्हा नाकात.

सहा वाजता उकळून कोमट केलेल्या पाण्यात मीठ घालून नाक धुते, मग ॲलर्जीचा स्टेरॉइड स्प्रे. उजव्या नाकपुडीत डाव्या हातानं, डाव्या नाकपुडीत उजव्या हातानं, म्हणजे फवारा मधल्या पडद्यावर न बसता बाहेरच्या बाजूला जातो. पडद्यावर मारत राहिलं की रक्त येतं. हा स्प्रे रोज घ्यावा लागतो. गुण यायला आठवडा-दोन आठवडे जातात, आणि बरेच जण नेमके चौथ्या दिवशी सोडून देतात.

सात. आज नळाचा दिवस. घट बसायला थोडेच दिवस उरलेत, गल्लीत सगळ्यांच्या गच्च्यांवर धुणी लागली आहेत. घटस्थापनेच्या आधी घरातलं एकूण एक पांघरूण धुवायचं, ही आपली जुनी रीत. पूर्वी बाया बैलगाडीत वाकळा घालून नदीवर जायच्या, दगडावर आपटून धुवायच्या आणि दिवसभर उन्हात पसरून ठेवायच्या. चार महिन्यांच्या ओलीनं अंथरुणं किड्यांनी भरलेली असतात, आणि नेमक्या त्याच वेळी हे धुणं निघतं. घरातल्या धुळीच्या ॲलर्जीचं मूळ हा किडा आहे हे नेदरलँड्समधल्या लायडनला व्होरहोर्स्ट आणि स्पीक्स्मा यांनी १९६४ च्या सुमारास दाखवलं. आपल्या आज्यांना किडा ठाऊक नव्हता, पण त्यांनी निवडलेला हंगाम अचूक होता. मला या रीतीचा मनापासून अभिमान वाटतो. फक्त ज्याला ॲलर्जी आहे त्यानं ती वर्षातून एकदा पाळून भागत नाही. चादरी आणि अभ्रे दर आठवड्याला धुवावे लागतात, तेही ६० अंशांच्या पाण्यात. घरात तापमापी नसली तरी चालतं. एक बादली उकळतं पाणी आणि एक बादली नळाचं, की जवळपास तेवढं होतं. कपडा पाणी थंड करतो, म्हणून मी उकळतं थोडं जास्तच घेते.

सव्वानऊला ऊन निघतं. आम्ही दोघं गादी गच्चीवर नेतो. मला शाळा आहे, यांना ऑफिस. त्यामुळे पुढचं सगळं सासूबाईंवर. "तू आत जाय, मी झटकते," म्हणतात आणि मला जिन्यातूनच परत पाठवतात. बारा वाजता त्या गादी उलटतात, कारण वरची बाजू तापली की किडे खालच्या गारव्यात सरकतात. साडेतीनच्या आत खाली आणायची. सांजेला ढग आले तर दिवसभराचं ऊन वाया. उन्हानं किडे मरतात, विष्ठा मात्र तशीच राहते. म्हणून काठीनं झोडपायचं, तेही ज्याला त्रास नाही त्यानं.

शाळेत दिवसभर शिंका नाहीत. खडूची भुकटी अंगावर पडते, पोरं मैदानातली माती घेऊन वर्गात येतात, तरी काही होत नाही. रस्त्यावरच्या धुळीला तोंडाला ओढणी बांधणारे आणि घरी जुन्या उशीत तोंड खुपसून झोपणारे पुष्कळ आहेत. त्रास पहाटे जास्त आणि दुपारी कमी असेल तर आधी अंथरुणाकडे पाहावं. खात्री त्वचेच्या चाचणीनं होते. हातावर थेंब टाकून सुईनं जरासं टोचतात, पंधरा-वीस मिनिटांत गांधी उठते. त्याआधी काही दिवस ॲलर्जीच्या गोळ्या बंद ठेवाव्या लागतात, नाहीतर गांधी उठतच नाही.

संध्याकाळी सहा. फरशी ओल्या फडक्यानं पुसून पंखा लावते. गादीला आणि उशीला घट्ट विणीची, चेन असलेली खोळ चढवते, तिच्यातून कण बाहेर येत नाहीत. आमच्याकडे सर्वांत उपयोगी ठरलेली खरेदी हीच. महागड्या हवा शुद्ध करणाऱ्या यंत्राआधी ती घ्यावी, कारण हे कण हवेत फार वेळ राहतच नाहीत.

रात्री नऊला एका विद्यार्थ्याच्या आईचा फोन येतो. पोराला धाप लागते, डॉक्टरांनी पंप दिलाय, पण घरचे म्हणतात पंपाची सवय लागते. मी सांगते, ताई, सवय लागत नाही. पंपातलं स्टेरॉइड मायक्रोग्रॅममध्ये असतं, सरळ श्वासनळीत जातं. दुकानातून आणलेली स्टेरॉइडची गोळी अख्ख्या अंगात फिरते, खरी भीती तिची. पंप द्या, मग चूळ भरायला लावा, आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका.

मग विचारते, "झोपतो कशावर?"

"लग्नातली गादी आहे मॅडम, रुईची."

"कधी पिंजली होती?"

"आठवत नाही. आता दिवाळीआधी पिंजून घेऊ म्हणतो."

"घ्या. पण अंगणात नको, दुकानातच न्या. आणि तोवर पोराला त्या गादीवरून उठवा. सतरंजीवर धुतलेली चादर टाका, आजच."

"आजच?"

"हो, फोन ठेवा आणि टाका."